अर्धा चेहरा निळा, अर्धा पिवळा: मिक्स लाइटवाल्या पोर्ट्रेटचं अपडेट

मागच्या वेळी खिडकीजवळचा पोर्ट्रेट अर्धवट ठेवला होता ना, तो आता बऱ्यापैकी मार्गी लागलाय. नवीन मंडळींसाठी: डाव्या गालावर खिडकीतून आलेला ढगाळ उजेड, उजव्या गालावर जुना पिवळा बल्ब, आणि दोघांच्या भांडणात मधे नाक. असा बल्ब साधारण 2700-2800 केल्विन (उजेडाच्या रंगाचं माप, आकडा कमी तितका उजेड पिवळा) आणि ढगाळ आकाश 6500 च्या आसपास, त्यामुळे व्हाइट बॅलन्सचा (पांढरं पांढरंच दिसावं म्हणून रंग सावरायचा) स्लायडर कुठेही न्या, एक बाजू रुसणारच. बल्ब धरून सेट केला की डावा गाल आजारी माणसासारखा निळसर, आणि खिडकी धरून केला की उजवा कान चक्क भगवा.

आधी लाइट उरकून घेतला. उजवी बाजू अंधारात होती म्हणून शॅडो उचलायचा मोह होतोच, पण फार नाही उचलला. 14 बिट रॉमध्ये (कॅमेऱ्याची कच्ची फाइल) 16384 लेव्हल असल्या तरी सेन्सरचा डेटा लिनिअर असतो (उजेड दुप्पट तर आकडाही दुप्पट), त्यामुळे 8192 एकट्या सगळ्यात वरच्या स्टॉपला (उजेड दुप्पट किंवा निम्मा होण्याची एक पायरी) जातात, खालच्याला 4096, मग 2048, असं करत सावलीच्या वाट्याला चिल्लरच उरते. त्यात बल्बच्या उजेडात निळा मुळातच कमी, म्हणजे पिवळेपणा काढायचा तर सगळ्यात अशक्त ब्लू चॅनललाच दामटवायचं, आणि नॉइज नेमका तिथूनच डोकं वर काढतो. तुमच्या इनडोअर फोटोत सावल्यांमध्ये निळे-जांभळे ठिपके दिसत असतील तर एकदा फक्त ब्लू चॅनल उघडून बघा.

मग कर्व्ह. कॉन्ट्रास्टसाठी साधा एस कर्व्ह दिला आणि गाल एकदम तांबूस झाला, रंगाला हातही लावला नव्हता तरी. कारण सोपं आहे. गालावरचा एक पिक्सेल घ्या, रेड 180, ग्रीन 140, ब्लू 110. एस कर्व्ह वरचा आकडा वर ढकलतो आणि खालचा खाली, समजा तो 200, 146, 100 झाला, तर रेड-ब्लूमधलं अंतर 70 वरून 100 वर गेलं, म्हणजे सॅच्युरेशन (रंगाचा भडकपणा) फुकटात वाढलं. लँडस्केपमध्ये हे चालून जातं, उलट छानच दिसतं, पण स्किनवर नको. कर्व्हचा लेयर ल्युमिनॉसिटी मोडवर (फक्त उजेड-अंधार बदलणारा) टाकला की रंग बराचसा जागेवर राहतो.

आता मुख्य काम. डार्कटेबल या फोटो एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये कलर कॅलिब्रेशनचे (तिथलं व्हाइट बॅलन्सचं टूल) दोन इन्स्टन्स, म्हणजे दोन प्रती, घेतले, एक खिडकीसाठी एक बल्बसाठी, आणि दोन्हींना एकाच मास्कच्या (बदल फोटोच्या ठरावीक भागापुरता ठेवणारा) उलटसुलट बाजू दिल्या. मास्क चेहऱ्याच्या मधोमध सरळ कापला तर नाकाच्या दांड्यावर रेघ दिसते, म्हणून फेदर (मास्कच्या कडेचा मऊपणा) चांगला ढिला ठेवला, कारण तिथे खरंच दोन्ही उजेड मिसळलेले असतात. आणि हो, दोन्ही गाल तंतोतंत न्यूट्रल करून बघितले, पण चेहरा पासपोर्ट फोटोसारखा सपाट दिसायला लागला! खोलीत बल्ब आहे हे कळायला हवं की नको? म्हणून बल्बवाल्या इन्स्टन्सची ओपॅसिटी निम्म्यावर आणली, उजवी बाजू थोडी उबदार राहिली, मला तेच आवडलं. याबाबतीत आकड्यांपेक्षा डोळ्यावर भरवसा ठेवतो मी, फक्त स्क्रीनचा नाइट मोड बंद आहे ना ते आधी बघून घ्यायचं, नाहीतर सगळीच मेहनत पाण्यात.

डोळ्यांतल्या चमकीला हात लावला नाही, एकात खिडकी निळी आणि एकात बल्ब पिवळा, राहू दे तसंच. केस मात्र अजून बाकी आहेत. उजव्या कानामागच्या सुट्या बटांवर खिडकीवाला मास्क सांडतोय आणि त्या भगव्या दिसतायत, पॅरामेट्रिक मास्कमध्ये (रंग-उजेडावरून भाग निवडणारा) ह्यू म्हणजे रंगछटा धरून बघितलं तर मागची भिंतही त्यात येतेय. आता ब्रशने हातानेच रंगवायचा विचार आहे, कुणाकडे याहून कमी कटकटीचा उपाय असेल तर सांगा.