ओकच्या सालीतली कणगी

तीन शनिवार झाले, मी एकाच झाडाचे फोटो काढतेय. कॅलिफोर्नियातल्या मॉर्गन हिल गावावरून वळणावळणाचा रस्ता चढून गेलं की हेन्री को स्टेट पार्क लागतं, तिथला एक जुना व्हॅली ओक. लांबून खोड नुसतं खडबडीत वाटतं पण जवळ गेलं की अंगावर काटा येतो, सालीत हजारो भोकं आणि भोकाभोकात एकेक एकॉर्न (ओकचं फळ) ठोकून बसवलेलं, टोक आत, बूड बाहेर. हे सगळं एकॉर्न वुडपेकरचं काम, म्हणजे आपल्या सुतार पक्ष्याचा कॅलिफोर्नियातला भाऊबंद. अख्खं कुटुंब मिळून एकच कोठार सांभाळतं, वर्षानुवर्षं, पिढ्यान् पिढ्या, आणि मोठ्या झाडावर ५०,००० पर्यंत भोकं असू शकतात! भोकं बहुतेक जाड सालीत किंवा वाळलेल्या फांदीत असतात, त्यामुळे झाडाला काही होत नाही.

पहिल्या वेळी भर दुपारी गेले, ऊन थेट खोडावर, सगळे फोटो सपाट, भोकं म्हणजे नुसते काळे ठिपके. दुसऱ्यांदा सकाळी लवकर पोचले तर ऊन बाजूने तिरपं येत होतं, प्रत्येक एकॉर्नच्या कडेला बारीक सावली, तेव्हा कुठे ती खोली दिसली.

पण खरा फोटो या शनिवारी मिळाला. एक मादी आली (लाल टोपी आणि पांढरं कपाळ यांच्यामध्ये काळा पट्टा असला की मादी, नराचं लाल थेट पांढऱ्याला भिडतं), एका एकॉर्नला चोच लावली, ते हललं. वाळलं की एकॉर्न आक्रसतं, भोकात सैल होतं, मग खारी आणि ‘जे’ (jay) नावाचे पक्षी ते सहज पळवतात. तिने ते उपसलं, शेजारच्या भोकात घालून बघितलं, बसेना, मग वर सरकून अजून लहान भोक शोधलं आणि ठक ठक ठक करत घट्ट बसवलं.

आमची आजी कणगीत कोपरापर्यंत हात घालून मूठभर ज्वारी वर काढायची, दाणा दाताखाली धरून बघायची, कीड तर नाही ना लागली. मला व्ह्यूफाइंडरमधून तेच दिसत होतं, डोळे भरून आले एकदम.

फोटोत चोचीत एकॉर्न आहे आणि खाली ते रिकामं झालेलं भोक. थोड्या वेळाने दुसऱ्याने तिथे नवं, हिरवट, जाडजूड एकॉर्न आणून ठोकलं, पण तोवर खोडावर सावली आली होती. पुढच्या शनिवारी परत जाणार, त्याच भोकासाठी.