नाकाचं सोंग

शाळेच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून दे असा ग्रुपवर मेसेज आला तोपर्यंत बाकीच्यांनी छड्या, प्रार्थना, गळकी कौलं असे चांगले चांगले विषय आधीच वाटून घेतले होते, त्यामुळे मी नाकावर लिहितोय. ज्यांनी ते गॅदरिंग बघितलंय त्यांना कुठलं नाक ते सांगायला नको.

गोष्ट रशियातली, निकोलाय गोगोल या लेखकाची, नावच 'नाक'. एका मासिकाने फालतू म्हणून परत पाठवलेली, मग १८३६ साली कवी पुश्किनने आपल्या 'सोव्रेमेन्निक' या नियतकालिकात छापली. आमच्या मराठीच्या सरांनी ती ऑफ पिरियडला सांगितली, हातात पुस्तकबिस्तक काही नाही. पीटर्सबर्गमधला एक न्हावी सकाळी खायला पाव कापतो तर आत नाक, आणि तेसुद्धा त्याच्याच गिऱ्हाइकाचं, कोवाल्योव नावाच्या सरकारी अधिकाऱ्याचं. तिकडे कोवाल्योव उठून आरशात बघतो तर नाकाच्या जागी सगळं सपाट, जखम नाही काही नाही. तोंडावर रुमाल धरून बाहेर पडतो तर समोर घोडागाडीतून त्याचंच नाक उतरतंय, अंगात जरीचा युनिफॉर्म, कमरेला तलवार! आणि खरी गंमत पुढेच आहे. रशियात तेव्हा सरकारी नोकरांच्या १४ पायऱ्या होत्या, त्यात कोवाल्योव आठवीवर आणि नाक पाचवीवर, म्हणजे स्वतःच्याच नाकापुढे अदबीने उभं राहायची पाळी. त्यानंतर बरेच दिवस पाववाल्याचा पोंपों ऐकला की आम्ही धावायचो आणि पाव आधी मोडून बघायचो.

सर म्हणाले, गॅदरिंगला हे करूया, पण नाक स्टेजवर दाखवाल कसं ते आधी सांगा. झालं, वर्गात गोंधळ. कोणी म्हणे पुठ्ठ्याचं करू, कोणी म्हणे मूर्ती करतात त्या गणपतीच्या शाळेतून मातीचं करून आणू, पण पावात मावणारं नाक आणि गाडीतून उतरणारं नाक एकच कसं काय असणार? गोगोल बिनधास्त लिहून गेला, आकार सांगितलाच नाही, करणाऱ्याने मरावं. मागच्या बाकावर एक जण होता, त्याचे काका दशावतारात, म्हणजे आपल्या कोकणातल्या लोकनाट्यात, कामं करायचे, तो शांतपणे म्हणाला, "नाक दाखवूक कशाक व्हया? मी नाक आसंय म्हटलंय की झाला."

बरोबरच होतं ते. जत्रेत आपण रात्र रात्र बसून काय बघतो? एक बाकडं, तेच सिंहासन आणि तेच रान, पायपेटी (पायाने भाता मारायची बाजाची पेटी), मृदंग, झांज, आणि संवाद तर कोणी लिहिलेलेच नसतात, आख्यान ठरलं की बाकी सगळं उभ्या उभ्या. मग नाकाला काकांचा मुकुट चढवला, तलवार दिली, पायपेटीवर राजाची एन्ट्री दिली आणि तो म्हणाला, "आम्ही नासिकाधिपती!" एकानेही विचारलं नाही की नाक कुठाय. हुद्द्याचा प्रश्नही आपोआप सुटला, कारण दशावतारात राजे पुस्तकी मराठीत बोलतात आणि हसवणारे संकासुरासारखे मालवणीत. आमचा कोवाल्योव शुद्ध भाषेत सुरुवात करायचा आणि नाकाने नुसती मान वळवली की घसरायचा, "महाराज, तुम्ही... तुमी माजा नाक आसात ओ!" त्यावर ते नाक थंडपणे, "आपला गैरसमज होत आहे. आम्ही केवळ आमचेच आहोत." हे उत्तर जवळपास गोगोलचंच. मूळ गोष्टीत ही भेट कझान कॅथेड्रलमध्ये होते, आम्ही सातेरीच्या देवळात ठेवली होती पण देवळात असलं काही नको असं कोणीतरी म्हणालं म्हणून आठवडी बाजारात नेली. गंमत म्हणजे गोगोललाही सेन्सॉरपायी कॅथेड्रल काढून बाजारच घालावा लागला होता.

पुढे मुंबईत नोकरीला लागल्यावर मी या नाकाच्या मागेच लागलो, त्याचं कोणीकोणी काय केलंय ते शोधायचा नाद. शोस्ताकोविच या रशियन संगीतकाराने विशीत असताना याचा ऑपेरा लिहिला, १९३० मध्ये लेनिनग्राडला झाला, टीका झाली, बंद पडला आणि मग थेट १९७४ मध्ये मॉस्कोत परत उभा राहिला. त्यात नाक गातं, तेही चिरक्या उंच पट्टीत, आणि मध्ये एक तुकडा नुसत्या तालवाद्यांचा आहे, सूर औषधालाही नाही. तो ऐकताना मला पहाटे तीनला पेंगणाऱ्यांना उठवणारा आपला मृदंगवालाच आठवला. २०१० मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात विल्यम केंट्रिज या चित्रकार-दिग्दर्शकाने तो केला, मागे वर्तमानपत्रांची कात्रणं, सावल्या, आणि दोन पायांवर चालणारं भलंमोठं नाक. दिसायला जबरदस्त, पण माझं मत विचाराल तर पुठ्ठ्यावाल्या पोरांची बाजू जिंकली. एकदा नाक एवढं मोठं दिसलं की ते तेवढंच राहतं.

त्यापेक्षा अलेक्सेयेफ आणि क्लेअर पार्कर या जोडप्याची १९६३ची फिल्म बघा. पांढऱ्या बोर्डात लाखो बारीक टाचण्या, बाजूने लाइट, टाचणी जेवढी बाहेर तेवढी तिची सावली लांब, सगळ्या आत ढकलल्या की बोर्ड पांढरा. अशी एकेक फ्रेम हाताने. एक शब्द नाही पूर्ण फिल्ममध्ये. सावलीचंच नाक असल्यामुळे ते केव्हा लहान होतं केव्हा माणूस होतं कळतसुद्धा नाही. आमच्या मुकुटाच्या जवळ जाणारं मला तरी एवढंच सापडलं.

आमच्या प्रयोगात एकच प्रवेश वेळेअभावी कापला होता, पेपरच्या ऑफिसातला. कोवाल्योव 'नाक हरवले आहे' अशी जाहिरात द्यायला जातो, क्लार्क म्हणतो असलं छापून पेपरची अब्रू जाईल, आणि मग वाईट वाटून समजूत घालायला त्याच्यापुढे नाकात ओढायच्या तपकिरीची डबी धरतो. नाक नसलेल्या माणसापुढे! यंदा शाळेच्या महोत्सवात जुनी नाटकं परत करणार असं कळलंय, तर हा प्रवेश घालाच. डबी माझ्याकडे आहे, आजोबांची, पितळेची. आणि कोवाल्योवला संवाद पाठ करायला देऊ नका.