लाईट आल्यावर काय होतं

सातारा-सांगलीकडे स्मार्ट बल्ब, प्लग, स्विच वापरणाऱ्यांची तक्रार बहुतेक वेळा एकच असते: लाईट जाताना काही झालं नाही, आली तेव्हा घोटाळा झाला. वळवाच्या पावसात तासाभरात चार वेळा लाईट ये-जा करते. उपकरण बनवणाऱ्याच्या डोळ्यांसमोर असलं घर नसतं, त्यामुळे तो विचार आपल्यालाच करावा लागतो.

आधी बल्ब. रात्री २ वाजता लाईट येते आणि झोपायच्या खोलीतला बल्ब लख्ख पेटतो. हा बिघाड नव्हे. भिंतीवरचं बटण दाबल्यावर बल्ब लागलाच पाहिजे म्हणून कारखान्यातून तो तसा सेट होऊन येतो, आणि बटण दाबलं की डीपीवरून (गल्लीतल्या ट्रान्सफॉर्मरवरून) लाईट आली हा फरक त्याला कळत नाही. स्मार्ट लाईफसारख्या ॲपमध्ये उपकरणाच्या सेटिंगमध्ये 'पॉवर-ऑन बिहेविअर' किंवा 'रिले स्टेटस' शोधा (रिले म्हणजे उपकरणाच्या आतलं, आपोआप चालू-बंद होणारं बटण). चालू, बंद आणि आधी होतं तसं, असे तीन पर्याय असतात. बल्ब-पंख्याला तिसरा लावा, गिझर आणि मोटरीला कायम 'बंद'. फ्रिज स्मार्ट प्लगवर टाकूच नये. त्यातून मिळत काही नाही, दूध मात्र नासतं.

बल्बची दुसरी खोड जास्त छळते. ओळीने तीन ते पाच वेळा पटापट बंद-चालू झाला की बरेच बल्ब रिसेट होतात आणि लुकलुकत नव्या जोडणीची वाट बघत बसतात. वळवात हे काम लाईटच करून टाकते. लाईट झपझप करायला लागली की भिंतीवरचं बटण बंद करून ठेवा आणि स्थिर झाल्यावर चालू करा. कायमचा इलाज हवा असेल तर बल्ब साधा एलईडी ठेवा आणि स्मार्टपणा बोर्डातल्या मॉड्यूलकडे, म्हणजे बटणामागे बसणाऱ्या छोट्या स्मार्ट स्विचकडे द्या. घरात पाहुणे आले की कुणी ना कुणी स्मार्ट बल्बचं बटण बंद करतंच आणि ॲपमध्ये तो 'ऑफलाईन' दिसतो. तो त्रासही त्यासोबत जातो.

मग राऊटर. प्लग दहा-पंधरा सेकंदांत जागा होतो, फायबरचा डबा आणि राऊटर यांना मात्र दोन-तीन मिनिटं लागतात. तेवढ्यात प्लगला वायफाय सापडत नाही. बहुतेक उपकरणं पुन्हा पुन्हा प्रयत्न करून जोडली जातात, काही हट्टी मात्र हाताने बंद-चालू करेपर्यंत तशीच राहतात. फायबरचा डबा आणि राऊटर दोन्ही इन्व्हर्टरच्या लाईनवर घ्या, नाहीतर छोटा डीसी यूपीएस (ॲडॉप्टरच्या जागी लागणारी बॅटरी) लावा. घेण्याआधी ॲडॉप्टरवरचं लेबल वाचा. १२ व्होल्टच्या राऊटरला ९ व्होल्ट दिले तर तो नीट चालत नाही आणि ९ च्या राऊटरला १२ दिले तर जळू शकतो. पिनचा प्लस आत आहे की बाहेर, तेही जुळलं पाहिजे.

यातून एक लपलेला घोळ निघतो. बहुतेक प्लगना स्वतःचं बॅटरीवरचं घड्याळ नसतं, वेळ ते इंटरनेटवरून घेतात. उपकरणातच साठवलेलं वेळापत्रक नेट नसलं तरी चालतं, पण मधे लाईट जाऊन आली आणि नेट आलं नाही, तर किती वाजलेत हेच त्याला माहीत नसतं. पहाटे ५ चा गिझर लागत नाही तो यामुळे. 'सूर्यास्ताला अंगणातला दिवा' असले नियम बहुधा कंपनीच्या सर्व्हरवरून चालतात, म्हणजे नेट नाही तर दिवा नाही. वेळापत्रक बरोबर अडीच तासांनी चुकत असेल तर ॲपमधलं ठिकाण तपासा. टाइमझोन चीनचा राहिलेला असतो.

नवं उपकरण जोडताना अडलं तर फोन ५ गिगाहर्ट्झच्या वायफायवर आहे का ते आधी पाहा, कारण स्वस्त उपकरणांना फक्त २.४ कळतं. दोन्ही बँड एकाच नावाखाली असतील तर जोडणीपुरता ५ बंद करा. राऊटर बदलला तर नव्याला जुनंच नाव आणि जुनाच पासवर्ड द्या, अक्षर न् अक्षर तोच. घरातली वीस उपकरणं आपोआप येतील, नाहीतर रविवार त्यातच जातो.

बोर्डाचं काम मात्र सावकाश करण्याचं आहे. मॉड्यूलला फेजबरोबर न्यूट्रल लागतो. ज्या बोर्डात सॉकेट आहे तिथे न्यूट्रल असतोच. नुसती बटणं असलेल्या जुन्या बोर्डात बहुधा फक्त फेज आणि परतीच्या वायरी असतात. वायरमनने न्यूट्रल शेजारच्या सॉकेटमधून ओढला तर चालतो, पण तो त्याच सर्किटचा हवा. दुसऱ्या सर्किटचा घेतला की दिवा लावताक्षणी आरसीसीबी (करंट गळाला की लाईन तोडणारा स्विच) पडू शकते आणि दोष मॉड्यूलला दिला जातो. अर्थिंगची वायर न्यूट्रल म्हणून वापरणं तर धोक्याचंच. बिनन्यूट्रलची मॉड्यूलं मिळतात. ती दिव्यातूनच थोडा करंट सोडून जगतात, म्हणून कमी वॅटचा एलईडी बंद असतानाही मिणमिणतो. दिव्याच्या दोन टोकांना त्याच कंपनीचा कपॅसिटर लावला की थांबतो.

जुना लोखंडी बोर्ड-बॉक्स असेल तर आत बसवलेल्या मॉड्यूलची रेंज बरीच घटते. त्यात पेठेतल्या वाड्याची दोन फुटी दगड-मातीची भिंत आली, की सोप्यातला राऊटर न्हाणीघरापर्यंत पोचत नाही. अशा घरात महागड्या राऊटरपेक्षा माजघरात ठेवलेला दुसरा मेश पॉइंट (वायफाय पुढे पोचवणारा जोड-राऊटर) कामाला येतो, शक्यतो पहिल्याला केबलने जोडलेला.

लोडचा हिशेब सोपा आहे. २००० वॅटचा गिझर २३० व्होल्टला ८.७ अँपिअर घेतो. १० अँपिअरच्या प्लगवर तो चालतो, पण सलग अर्ध्या तासात प्लग हाताला चटका देतो. त्यामुळे १६ चाच घ्या. मोटरीचं गणित वेगळं आहे. १ एचपीची मोटर सुरू होताना चालू करंटच्या पाच-सहा पट ओढते आणि रिलेचे काँटॅक्ट एकमेकांना चिकटतात. मग ॲप 'बंद' दाखवतं, मोटर मात्र चालूच, आणि टाकीतून पाणी वाहून अंगणात येतं. मोटरीला २३० व्होल्ट कॉइलचा काँटॅक्टर (जड करंट तोडणारा मोठा स्विच, जो छोट्या कॉइलने चालतो) आणि जादा करंटला मोटर बंद करणारा ओव्हरलोड रिले बसवा, स्मार्ट स्विचने फक्त कॉइल हाताळा, आणि टाकीत फ्लोट स्विच (टाकी भरली की मोटर तोडणारा तरंगता स्विच) ठेवाच.

बीएलडीसी पंखा (कमी विजेवर चालणारा, रिमोटचा) मॉड्यूलच्या रेग्युलेटरवर घालू नये; तो रिमोटनेच चालवायचा. आयआर ब्लास्टरने (रिमोटचेच इशारे सोडणाऱ्या डबीने) चालवलात तर पंखा खरंच फिरतोय की नाही हे ॲपला कधीच कळत नाही, कारण संदेश एकतर्फी असतो.

डीपीवरचा न्यूट्रल तुटला तर घरात ३०० व्होल्टच्या वर येऊ शकतात आणि एमसीबी ते थांबवत नाही. मुख्य बोर्डावर जादा-कमी व्होल्टेजला तोडणारं रिले लावा, विजांसाठी वेगळं एसपीडी (विजेचा झटका जमिनीत सोडणारं उपकरण) लावा. एसपीडीचा उपयोग मात्र अर्थिंग चांगलं असेल तरच.

सांगलीत नदीकाठच्या घरांना एक जादा नियम. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट आहे, आणि २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्याही वर गेलं होतं. घर सोडताना मेन स्विच बंद करा आणि ॲपमधली सगळी वेळापत्रकं थांबवा. महावितरण लाईट सोडेल तेव्हा तुम्ही घरात नसाल, आणि भिजलेल्या सॉकेटवरचा प्लग फोनवर 'ऑनलाईन' दिसला तरी लावू नका. परत आल्यावर बोर्ड उघडून वाळवायचे, वायरमनकडून मेगरने (वायरींतून करंट गळतो का ते मोजणाऱ्या यंत्राने) वायरिंग तपासून घ्यायचं, मगच मेन वर करायचा.