एसकेटी हवालदाराचा बायोडाटा

फौजेतून हवालदार म्हणून घरी आलेल्या माणसाला खानदेशात दोनच नोकऱ्या सुचवल्या जातात. एक बँकेत गार्डची, दुसरी मेस्कोतर्फे, म्हणजे राज्याच्या माजी सैनिक महामंडळातर्फे, कुठल्यातरी कंपनीच्या गेटवर. आमच्या पारोळ्याकडे त्याच्याही आधीचा प्रश्न असतो: "तुले पेन्शन शे ना, मंग नोकरी कशाले?" गार्डच्या नोकरीत कमीपणा काही नाही. माझे बरेच जोडीदार तिथे आहेत आणि मजेत आहेत. पण मी २४ वर्षं बंदूक कमी आणि व्हाऊचर जास्त हाताळलं होतं. १९९८ला भरती, आर्मी ऑर्डनन्स कोअर (फौजेचा साठा सांभाळणारी शाखा), ट्रेड एसकेटी, म्हणजे स्टोअर कीपर टेक्निकल. सिकंदराबादला ट्रेनिंग, मग डेपो, मग युनिटं, परत डेपो. शिकलो ते काम सोडून गेटवर रजिस्टर भरायला मन तयार होईना.

घरच्यांचा आणखी एक हिशेब होता. जिल्ह्यात वरणगाव आणि भुसावळ अशा दोन ऑर्डनन्स फॅक्टऱ्या आहेत, तू ऑर्डनन्सचा, मग लागून जाशील की! माणसांना वाटतं तसं ते नाही. १ ऑक्टोबर २०२१ला ऑर्डनन्स फॅक्टरी बोर्ड गेलं आणि ४१ फॅक्टऱ्या ७ सरकारी कंपन्यांत वाटल्या गेल्या. वरणगाव म्युनिशन्स इंडियाकडे, भुसावळ यंत्र इंडियाकडे. मुदतीच्या करारावर डेंजर बिल्डिंग वर्करच्या (स्फोटकांच्या इमारतीतल्या कामगाराच्या) जागा निघतात, पण त्या फॅक्टरीत अप्रेंटिस केलेल्या पोरांसाठी. सरकारी कंपन्यांत माजी सैनिकांना गट क मध्ये १४.५ आणि गट ड मध्ये २४.५ टक्के आरक्षण आहे खरं, पण आपल्या कामाची जागाच निघाली नाही तर टक्का कशाचा काढणार? तेव्हा मी फॅक्टऱ्यांना माल पुरवणाऱ्या खाजगी कंपन्यांकडे वळलो. त्या नाशिक, पुणे, नागपूरला. म्हणजे घर सोडायचंच होतं, ते आधी घरी पटवलं.

रिटायरमेंटच्या आधी डीजीआरचा, म्हणजे सैनिकांचं पुनर्वसन बघणाऱ्या संचालनालयाचा, कोर्स मिळतो. जेसीओ (सुभेदार वगैरे) आणि जवानांची पूर्ण फी डीजीआर भरतं, त्यामुळे न करण्यात शहाणपण नाही. मी लॉजिस्टिक्सचा घेतला. वर्गात सप्लाय चेनच्या व्याख्या पुष्कळ झाल्या, त्यातल्या फारशा आठवत नाहीत. एक्सेल मात्र नीट शिकलो, आणि पुढे सर्टिफिकेटपेक्षा तेच कामाला आलं.

खरी अडचण बायोडाट्याची झाली. माझा पहिला बायोडाटा म्हणजे डिस्चार्ज बुकाची नक्कल होती: ट्रेड, कॅडर, मेडल, 'कॅरेक्टर एक्झम्प्लरी'. आमच्याच कोअरचे एक रिटायर्ड सुभेदार साहेब नाशिकला एका कारखान्यात स्टोअर सांभाळतात, त्यांना दाखवला. साहेबांनी चष्मा कपाळावर सरकवला. "अरे, हे वाचणार कोण? एचआरच्या पोरीला एसकेटी म्हणजे काय ते ठाऊक आहे का? तू रोज करत काय होतास ते लिही."

सांगणं सोपं होतं. पुण्याच्या एका कंपनीतून फोन आला तेव्हा समोरच्या मुलीने विचारलं, वेअरहाऊस किती स्क्वेअर फुटांचं होतं, महिन्याला डिस्पॅच किती, स्टॉकची किंमत किती? तिच्या बाजूने प्रश्न बरोबरच होते. पण मला उत्तरं देता येत नव्हती. कुठल्या डेपोत काय आणि किती पडलंय हे घराबाहेर काढायचं नसतं, आणि १९२३चा ऑफिशियल सिक्रेट्स ॲक्ट माणसाबरोबर रिटायर होत नाही. मी तसं सांगितलं. "ओके सर, आम्ही कळवतो," म्हणाली. कळवलं नाही.

यावर साहेबांनी वाट काढून दिली. साठा सांगायचा नाही, शिस्त सांगायची. मग आम्ही दोघं बसलो आणि एकेक ओळ कागदावर उतरवली. हाताखाली किती माणसं होती. शेल्फ लाइफ असलेला माल जुना आधी काढून नवा मागे कसा लावायचा. रॅकला टांगलेलं बिन कार्ड, लेजर आणि कॉम्प्युटर या तिन्ही ठिकाणचा बॅलन्स दर वेळी जुळवून सही. स्टॉक टेकिंगमध्ये निघालेली तफावत किती दिवसांत मिटवली. ऑडिट ऑब्जेक्शन किती राहिले. १३ आकडी स्टॉक नंबर: पहिले ४ मालाच्या वर्गाचे, पुढचे २ देशाचे (भारताचे ७२), उरलेले ७ त्या वस्तूचे. यात गुप्त काही नाही, आणि संरक्षणाला माल पुरवणाऱ्या कंपनीत हा नंबर वाचता येणारा माणूस सहज सापडत नाही. साहेबांनी ती ओळ सगळ्यात वर घेतली.

सिन्नरजवळच्या एका कंपनीने बोलावलं. ते फॅक्टऱ्यांना मशीनिंग केलेले लोखंडी पार्ट देतात. मॅनेजरने बायोडाटा बाजूला ठेवून विचारलं, ३२ फुटी सिंगल एक्सल कंटेनरमध्ये किती पॅलेट बसतील? मी विचारलं, पॅलेटचं वजन किती? तो म्हणाला, टनाच्या आसपास. मग मी म्हटलं, जमिनीवर दोन ओळींत १६ बसतील, पण गाडी ७ टनांच्या आसपासच उचलणार, म्हणजे ७ पॅलेट, आणि तेही एक्सलवर वजन वाटून, खाली डनेज (लाकडी फळ्या) टाकून, लॅशिंग करून (पट्ट्यांनी आवळून). अर्धी गाडी रिकामी दिसेल म्हणून कुणी भरायला लागला तर त्याला अडवावं लागेल. मॅनेजर हसला. त्यांच्याकडे ओव्हरलोडची पावती नुकतीच फाटली होती, हे मला मागाहून कळलं.

पगार माझ्या शेवटच्या फौजी पगाराहून कमी ठरला. खाजगीत पेन्शनला हात लागत नाही, त्यामुळे दोन्ही मिळून ठीक बसतं.

लागल्यावर दोन गोष्टी नव्याने शिकाव्या लागल्या. एक सॅप, म्हणजे कंपनीचं मालाच्या हिशेबाचं सॉफ्टवेअर. फौजेत माल आला की रिसीट व्हाऊचर, इथे मूव्हमेंट टाइप १०१. मूळ विचार तोच आहे, फक्त नंबरवर बोलायचं. दुसरी गोष्ट ई-वे बिल, म्हणजे माल रस्त्याने नेताना लागणारा जीएसटीचा ऑनलाइन कागद, आणि तिने घाम काढला. सैन्याची तुकडी माल पाठवत किंवा घेत असेल तर ई-वे बिलातून सूट असते, त्यामुळे एवढ्या नोकरीत मी तो कागद पाहिलाच नव्हता. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात कंपनीकडून कंपनीकडे जाणाऱ्या १ लाख रुपयांवरच्या मालाला तो लागतोच. दर २०० किलोमीटरला एक दिवस अशी त्याची मुदत. सिन्नरहून वरणगाव म्हणजे दोन दिवस, पुरून उरतात, पण गाडी बिघडली नाही तर.

एकदा चांदवडच्या पुढे राहुड घाटात आमच्या गाडीचा क्लच गेला. ड्रायव्हरचा फोन: "दादा, गाडी काही हलत नाही." फौजेत रिकव्हरी व्हेइकल आलं असतं आणि विषय संपला असता. इथे दुसरी गाडी शोधली, माल उतरवून चढवला, पोर्टलवर ई-वे बिलाच्या पार्ट बी मध्ये नव्या गाडीचा नंबर टाकला, तेव्हा कुठे चाक फिरलं. मुदत संपतच असेल तर संपायच्या आधीचे किंवा नंतरचे ८ तास हातात असतात, तेवढ्यात वाढवून घ्यायची. तिकडे ऑर्डरची तारीख चुकली की दंड लागतो, म्हणून डिलिव्हरीच्या आठवड्यात मी रात्री फोन उशाशी घेतो. आमची गाडी धुळ्यापुढे महामार्गाने पारोळ्यावरूनच जाते. ड्रायव्हर आमच्या घरी चहा पिऊन पुढे निघतो आणि मी इथे लोकेशन बघत बसतो.

गावाकडची शेवटच्या वर्षात असलेली पोरं आता फोन करतात. त्यांना आधी कागदांचं सांगतो. बायकोचं नाव आधारवर, पॅनवर आणि सर्व्हिस रेकॉर्डमध्ये एकच आहे का पाहा. आपल्याकडे एका ठिकाणी 'बाई' लागलेलं असतं आणि दुसरीकडे नसतं. युनिटमध्ये असेपर्यंत ते पार्ट टू ऑर्डरने (रेकॉर्डमधली नोंद बदलणाऱ्या युनिटच्या आदेशाने) सरळ होतं. घरी आल्यावर स्पर्शवर, म्हणजे पेन्शनच्या पोर्टलवर, तेच काम महिनोन्‌महिने चालतं, आणि ते अडकलं की पेन्शनही अडकते. बाहेरच्या नोकरीला अर्ज करायची एनओसी वेळेत मागा. घरी पोचलात की जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात नाव नोंदवून ओळखपत्र काढा. बायोडाटा मला पाठवा, पण डिस्चार्ज बुकाची नक्कल नको.