जुना लॅपटॉप, मिंट आणि साडेपाच तासांचा घोळ

आजचा रविवार जुन्या लॅपटॉपवर लिनक्स मिंट ही विंडोजला पर्याय असलेली मोफत ऑपरेटिंग सिस्टिम बसवण्यात सार्थकी लागला. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नियमित पाठिंबा संपला, पण म्हणून चालती यंत्रं भंगारात जाऊ नयेत असं मनापासून वाटतं. रॅम ४ जीबीच असेल तर मिंटची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती घ्या. जुनी हार्ड डिस्क काढून साटा एसएसडी लावली तर सगळ्यात जास्त फरक पडतो.

विंडोजही शेजारी ठेवायचं असेल तर त्यातलं फास्ट स्टार्टअप आधी बंद करा. ते चालू असताना शटडाउन ही अर्धवट झोपच असते. विंडोजचं एनटीएफएस पार्टिशन, म्हणजे डिस्कवरचा त्याचा भाग, नीट बंद होत नाही आणि लिनक्समधून त्यावर लिहिता येत नाही. बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला लागणारं कुलूप) चालू असेल तर रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवा. बॅकअप तर हवाच.

दोन्ही शेजारी बसवली की मग विंडोजमध्ये वेळ साडेपाच तास मागे दिसू लागते. लगेच मदरबोर्डची बॅटरी बदलू नका! लिनक्स मदरबोर्डच्या घड्याळात यूटीसी (भारतापेक्षा साडेपाच तास मागे असलेली जागतिक प्रमाणवेळ) ठेवतं, विंडोज तीच स्थानिक वेळ समजतं. लिनक्सच्या टर्मिनलमध्ये (कमांड लिहायच्या खिडकीत) रोमन अक्षरांत 'टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी १' ही कमांड दिली की दोघांचं जमतं.

ब्रॉडकॉम कंपनीचं वायफाय कार्ड असेल तर मिंटमध्ये वायफाय कधीकधी सुरुवातीला दिसत नाही. फोन यूएसबीने जोडून टेदरिंग सुरू करा, म्हणजे फोनचं इंटरनेट लॅपटॉपला मिळेल, आणि ड्रायव्हर मॅनेजरमधून ड्रायव्हर घ्या. मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड सेटिंगमध्ये आधीपासूनच आहे.