तुम्ही विचारलंत म्हणून : चुकून दिलेल्या लाइकला जपानी लोक काय म्हणतात?

मी जपानी शिकवते हे कळल्यावर व्याकरणाआधी हमखास येणारा प्रश्न असा की, कोणाची जुनी पोस्ट गुपचूप वाचताना अंगठा लागून लाइक दिले गेले, तर त्यासाठी जपानीत खास शब्द आहे म्हणे, तो कोणता?

शब्द आहे ‘गोबाकु’. मूळ लष्करी अर्थ भलत्याच ठिकाणी पडलेला बॉम्ब. १९९९ मध्ये सुरू झालेल्या ‘निचान्नेरु’ या निनावी चर्चास्थळावर एका धाग्यासाठी लिहिलेला मजकूर दुसऱ्याच धाग्यात गेला की त्याला गोबाकु म्हणत. पुढे लाइन या ॲपवर मैत्रिणीला लिहिलेला निरोप साहेबांना गेला, तर तोही गोबाकुच ठरला. लाइकच्या बटणाला जपानीत ‘ईने’ म्हणतात आणि ‘गो’ म्हणजे चुकीचे, म्हणून चुकून दिलेले लाइक म्हणजे ‘गो-ईने’. नोव्हेंबर २०१५ पर्यंत ट्विटरवर हृदयाऐवजी चांदणी होती आणि तिला ‘फाबो’ म्हणत, त्यामुळे जुनी मंडळी ‘गो-फाबो’ असेही लिहीत.

यावर पुढचा प्रश्न ठरलेला असतो : एवढ्याशा गोष्टीची इतकी लाज का वाटावी? माझ्या मते लाज पसंतीची नसते, आपण तिथे होतो हे उघड झाल्याची असते. २००४ मध्ये सुरू झालेल्या मिक्सी या जपानी संकेतस्थळावर ‘आशिआतो’ म्हणजे पाऊलखुणा नावाची सोय होती. आपले पान कोण पाहून गेले, हे तिथे दिसत असे. त्यामुळे मित्राची रोजनिशी वाचून काहीही न लिहिता निघून जाणाऱ्याला ‘योमिनिगे’, म्हणजे वाचून पळ काढणारा, असा टोमणा बसे आणि त्यावरून मैत्रीत रुसवेफुगवेही होत. ट्विटरने पाऊलखुणा दाखवल्या नाहीत, वाचणारा अदृश्य राहू लागला आणि म्हणूनच चुकीच्या लाइकला एवढे वजन आले, कारण अदृश्य वाचकाचे नाव समोरच्याला कळण्याचा तोच एक अपघाती मार्ग उरला.

त्यात जपानमध्ये एकाच माणसाची दोन-तीन खाती असणे अगदी सर्रास आढळते. मुख्य ते ‘होन-आका’, कुलूपबंद ते ‘कागी-आका’ आणि मनातले बोलायचे छुपे ते ‘उरा-आका’. (यातला ‘आका’ हा अकाउंटचा संक्षेप असून तो गंमत म्हणून ‘मळ’ या अर्थाच्या चित्रलिपीत लिहितात.) छुप्या खात्यावरून द्यायचे लाइक मुख्य खात्यावरून गेले, तर ऑफिसातल्या माणसांना भलतीच आवडनिवड कळत असे, कारण कोणी काय लाइक केले ते तेव्हा इतरांनाही दिसे. लाइक लगेच काढून घेता येते, पण सूचना पोहोचलेली असू शकते. काही जण ‘गो-ईने शित्सुरेइ शिमाशिता’ असे लिहून रीतसर माफी मागतात, आणि मला विचाराल तर तेवढ्याने लक्ष अधिकच वेधले जाते.

‘हात निसटला’ ही सबब सगळेच देतात. मात्र लाइकचा नेमका अर्थ काय, हा वाद एकदा न्यायालयातही गेला. पत्रकार शिओरी इतो यांची बदनामी करणाऱ्या २५ ट्वीट्सना खासदार मिओ सुगिता यांनी लाइक दिले होते. तिथे हात निसटल्याचा प्रश्न नव्हता. लाइकचे अर्थ अनेक असू शकतात, असे मानून टोकियो जिल्हा न्यायालयाने मार्च २०२२ मध्ये इतो यांचा दावा फेटाळला, पण ऑक्टोबरमध्ये उच्च न्यायालयाने सुगिता यांनी इतो यांच्यावर आधी केलेली टीका आणि त्यांचे सुमारे १ लाख १० हजार अनुयायी विचारात घेऊन साडेपाच लाख येन भरपाई द्यायला लावली. फेब्रुवारी २०२४ मध्ये तो निकाल कायम झाला.

त्याच वर्षी जूनमध्ये, एक्स झालेल्या ट्विटरने कोणी काय लाइक केले याची यादी इतरांपासून लपवली. त्यामुळे ऑफिसातल्यांची भीती बरीच कमी झाली. मात्र ज्याची पोस्ट आहे त्याला लाइक देणाऱ्याचे नाव आजही दिसते, म्हणून जुन्या ओळखीच्या माणसाचे खाते रात्री उशिरा चाळणाऱ्यांसाठी गोबाकुचा धोका तसाच आहे.