आमच्या गावचं टीव्ही चॅनल आणि त्यामागची रोजची खटपट

इथे मॅसॅच्युसेट्समध्ये बऱ्याच छोट्या गावांना स्वतःचं टीव्ही चॅनल असतं, एखाद्या गावाला तर दोन-तीन. मागे एका पोस्टमध्ये मी सहज लिहिलं होतं की शनिवारी मी स्टेशनवर जाते, त्यावर इतक्या जणांनी विचारलं की तू न्यूज चॅनलमध्ये लागलीस का, म्हणून आज नीट सांगते. न्यूज चॅनल नाही, पगार नाही, मी तिथे व्हॉलंटिअर आहे आणि कार्यक्रमांच्या कमिटीवर आहे.

प्रकार असा आहे. केबल कंपनीला गावातल्या रस्त्यांवरून, खांबांवरून वायरी न्यायच्या असतात, त्यासाठी ती गावाशी करार करते आणि त्या करारात गाव म्हणतं की आम्हाला चॅनल द्या आणि केबलच्या कमाईतला काही हिस्सा द्या. १९८४ च्या केबल कायद्यात ही फी जास्तीत जास्त ५ टक्के ठरवलेली आहे. मग त्यातून एक चॅनल सामान्य लोकांचं, एक शाळांचं आणि एक गावकारभाराचं अशी विभागणी होते. लोकांच्या चॅनलवर गावात राहणारा कोणीही जाऊन कॅमेरा शिकू शकतो, कार्यक्रम बनवू शकतो आणि तो स्टेशनने दाखवायचा, मग त्यातली मतं मॅनेजरला पटोत ना पटोत. मला सगळ्यात आवडलेली गोष्ट हीच, आणि सगळ्यात जास्त डोकेदुखीही हीच.

याचा इतिहासही मजेशीर आहे. १९६८ मध्ये व्हर्जिनियातल्या डेल सिटीत लोकांनी स्वतः चालवलेलं चॅनल सुरू झालं, १९७१ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅनहॅटनमध्ये. जॉर्ज स्टोनी नावाचे माहितीपट बनवणारे गृहस्थ कॅनडातून असलंच काम करून परत आले होते, त्यांनी आणि रेड बर्न्स नावाच्या बाईंनी न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीत एक सेंटर काढलं आणि सामान्य माणसांच्या हातात व्हिडिओ कॅमेरे दिले. खांद्याला अडकवून नेता येईल असा सोनीचा पोर्टापॅक तेव्हा नुकताच आलेला. १९७२ मध्ये सरकारी नियम झाला की टीव्हीच्या सगळ्यात मोठ्या १०० मार्केटमध्ये, म्हणजे मोठी शहरं आणि त्यांच्या आसपास, केबल कंपन्यांनी असे चॅनल द्यायचेच, तो १९७९ मध्ये सुप्रीम कोर्टाने उडवला, मग १९८४ चा कायदा आला आणि ठरवायचं काम गावांकडे गेलं. सिनेटर बर्नी सँडर्स माहीत असतीलच, ते व्हरमाँटच्या बर्लिंग्टनचे मेयर असताना १९८६ ते ८८ मध्ये तिथल्या अशाच चॅनलवर स्वतःचा कार्यक्रम करायचे, माइक घेऊन मॉलमध्ये लोकांशी गप्पा वगैरे.

मी यात पडले ती दिवाळीमुळे. आमच्या मंडळाच्या कार्यक्रमाचं शूटिंग चांगलं झालं होतं, कोणीतरी म्हणालं गावच्या चॅनलला दे की, मी पेनड्राइव्ह घेऊन गेले, फॉर्म भरला, त्यांनी आनंदाने घेतलं. आणि कार्यक्रम लागला कधी, तर एका मंगळवारी दुपारी पावणेचारला. मंडळातल्या एकाही माणसाने बघितला नाही कारण सगळे ऑफिसात, आणि लागणार आहे हे कळवलं कोणी नव्हतंच. मी विचारायला गेले तर मॅनेजर म्हणाला, तुझं बरोबर आहे, कमिटीवर येतेस का? इथे तक्रार करणाऱ्याला कमिटीवर घेतात हे लक्षात ठेवा, तोंड उघडायच्या आधी विचार करा.

आत गेल्यावर कळलं की प्रॉब्लेम कोणा एका माणसाचा नव्हता. पगारी माणसं मोजून तीन, बाकी आम्ही. प्लेआउट सर्व्हरवर फाइल टाकली की तो चालवत राहतो, पण टाकणार कोण, कुठल्या वेळेला, हे ज्याला जसं सुचेल तसं. दोन कार्यक्रमांच्या मध्ये पाट्या फिरत राहायच्या, लायब्ररीचा जुन्या पुस्तकांचा सेल, रक्तदान शिबिर, आणि त्यातला सेल मागच्या वर्षीचा. लोक चॅनल लावायचे, पाटी दिसली की पुढे जायचे. नवीन कार्यक्रम कसे आणायचे यावर आधी बऱ्याच मीटिंगा झाल्या होत्या, पण जे होते तेच लोकांपर्यंत पोचत नव्हते त्याचं काय?

तर पहिलं काम वेळापत्रक. सकाळी गावच्या मीटिंगांचं पुनःप्रक्षेपण, दुपारी ज्येष्ठ नागरिक केंद्रातले व्यायाम आणि व्याख्यानं, संध्याकाळी सातनंतर गावकऱ्यांचे कार्यक्रम, शनिवारी हायस्कूलचे सामने. आणि एक नियम, जो कार्यक्रम गुरुवारी साडेसातला तो दर गुरुवारी साडेसातलाच, नवीन भाग आला नाही तर जुना लावायचा पण जागा हलवायची नाही. हे ऐकायला किती साधं वाटतं, पण यावरून जेवढी भांडणं झाली तेवढी कशावरूनच नाही. एक आजोबा वर्षानुवर्षं बुद्धिबळाचा कार्यक्रम करतात, त्यांना रात्री नऊची वेळ दिली तर म्हणाले माझे बघणारे नऊला झोपतात. आणि ते खरं होतं! केबलवर हे चॅनल अजूनही बघणारा मोठा वर्ग साठीपुढचा आहे, तरुण मंडळी यूट्यूबवर पाहिजे तेव्हा बघतात. मग आजोबांना साडेपाच.

दुसरी गंमत लांबीची. खऱ्या चॅनलवर कार्यक्रमाची लांबी ठरलेली असते, आमच्याकडे कोणाचा ४३ मिनिटांचा, कोणाचा १७, कोणी दीड तास. सुरुवातीला ठरवलं होतं की सगळ्यांना अर्ध्या तासाच्या जागेत, २८ मिनिटांत बसवायचं. अहो, हौसेने करणाऱ्या माणसाला कापायला सांगितलं की तो परत येत नाही. त्यापेक्षा मधल्या भोकांसाठी दोन ते पाच मिनिटांचे तुकडे बनवायला घेतले, शाळेतल्या पोरांच्या कविता, जुन्या गिरणीचे फोटो आणि त्यावर गावच्या इतिहास मंडळातल्या बाईंचा आवाज, बर्फ काढणाऱ्या ट्रकवाल्याची मुलाखत. हे तुकडे इतके चालले की लोक दुकानात भेटल्यावर त्यांच्याबद्दलच बोलतात, मोठे कार्यक्रम राहिले बाजूला.

आवाजाबद्दल तर स्वतंत्र पोस्ट लिहीन. स्टेशनला येणाऱ्या तक्रारींत चित्र वाईट आहे अशी तक्रार मी जवळपास ऐकलेली नाही, ऐकू येत नाही हीच. सेलेक्ट बोर्ड, म्हणजे गावचा कारभार बघणारी निवडून आलेली मंडळी, त्यातले एकजण माइकपासून हातभर लांब बसतात, दुसरे कागद माइकवरच आपटतात. २०२० नंतर अर्धे सभासद झूमवर, त्यामुळे घुमतं ते वेगळंच. त्यात एका कार्यक्रमाचा आवाज बारीक, पुढचा सुरू झाला की घर दणाणतं. टीव्हीसाठी आवाजाची पातळी ठरलेली आहे, मायनस २४ एलकेएफएस (आवाज कानाला किती मोठा वाटतो त्याचं माप), आणि फाइल सर्व्हरवर जाण्याआधी सॉफ्टवेअरमधून त्या पातळीला आणायची एवढंच करायचं असतं, ते आता एक कॉलेजचा मुलगा रोज करतो. त्याच सुमारास कोणीतरी फोर के कॅमेरे घ्यायचं म्हणत होतं. केबल कंपनी आमचं चॅनल जुन्या स्टँडर्ड डेफिनिशनमध्ये, म्हणजे कमी स्पष्ट चित्रात दाखवते, तिथे फोर के कोणाला दिसणार? ते पैसे माइकमध्ये घातले. माझ्या मते अशा स्टेशनच्या हाती चार पैसे आले तर तीन आवाजावर घालावेत आणि चौथा बॅटऱ्यांवर.

बॅटऱ्यांचं का, तर कॅमेरे लोकांना घरी न्यायला मिळतात, ट्रेनिंग झालेलं असलं की फुकट. माणूस शुक्रवारी कॅमेरा नेतो, शनिवारी नातीच्या बँडच्या कार्यक्रमात बटण दाबतो आणि बॅटरी मेलेली, कार्डावर दुसऱ्याचं फुटबॉल. आणि ट्रायपॉडची ती छोटी प्लेट, ज्यावर कॅमेरा बसतो, ती हरवलेलीच असते, जगातल्या सगळ्या प्लेटा कुठे जातात देव जाणे. आता प्रत्येक बॅगेत एक कागद असतो आणि सामान परत आलं की नेणाऱ्याच्या समोरच तपासून, कार्ड रिकामं करून, बॅटरी चार्जिंगला लावूनच बॅग कपाटात जाते. पाच मिनिटं लागतात. आधी हे कोणाचंच काम नव्हतं.

फाइलींची नावंही तशीच. "मीटिंग फायनल", "मीटिंग फायनल नवी", "हीच घ्या". आता आधी तारीख, मग कमिटीचं नाव, मग कार्यक्रमाचं. एक निवृत्त शाळामास्तरीण मीटिंग चालू असताना अजेंडा पुढ्यात घेऊन बसतात आणि कुठला विषय किती वाजता सुरू झाला ते लिहितात, मग वेबसाइटवर त्या विषयावर क्लिक केलं की व्हिडिओ तिथूनच सुरू होतो. चार तासांची मीटिंग कोण बघणार, पण सांडपाण्याच्या बिलावर बोर्ड काय बोललं ती आठ मिनिटं गाव बघतं. मला विचाराल तर स्टेशनवरचं सगळ्यात उपयोगी काम त्या बाई करतात.

आता डोकेदुखी. स्टेशन मतांवरून कार्यक्रम नाकारू शकत नाही, आधी येईल त्याला आधी जागा. नाकारायचं ते फक्त अश्लील किंवा जाहिरातबाजी असेल तर, म्हणजे आमच्याकडे स्वयंपाकाचा कार्यक्रम करणाऱ्या एक गुजराती बेन आहेत, त्या ढोकळा शिकवू शकतात पण आपल्या दुकानातल्या ढोकळ्याचा भाव सांगू शकत नाहीत. मोठ्यांसाठीचं काही असेल तर ते रात्री दहानंतर. राजकारणाचे कार्यक्रम लागले की फोन सुरू, हा माणूस असं बोलतोच कसा. उत्तर ठरलेलं आहे, तुम्हीपण या, पुढच्या ट्रेनिंगची तारीख अमुक. बरेचसे लोक फोन ठेवतात, पण एक काकू खरंच आल्या आणि आता त्यांचा स्वतःचा कार्यक्रम आहे, ज्याच्यावर चिडून आल्या होत्या त्याच्या बरोबर नंतरच्या वेळेला.

हे सगळं बघताना मला तालुक्याच्या गावातलं केबलवाल्याचं लोकल चॅनल आठवतं, गणपतीची मिरवणूक, खाली लग्नाच्या शुभेच्छा सरकतायत, मधेच सिनेमा. ते आपल्याकडे लोक आवडीने बघायचे, पण तिथे काय लागणार ते केबलवाला ठरवायचा. कम्युनिटी रेडिओला आपल्याकडे २००६ पासून संस्थांनाही परवानगी आहे आणि साताऱ्यात म्हसवडला माणदेशी तरंग त्यातूनच उभं राहिलं, टीव्हीसाठी मात्र तशी सोय नाही.

इथे तरी ही सोय किती टिकेल हा प्रश्नच आहे. ५ टक्के मिळतात ते केबल टीव्हीच्या कमाईवर, इंटरनेटच्या नाही, आणि लोक तर केबल बंद करून नेटवरच सगळं बघतायत, त्यामुळे दरवर्षी चेक थोडा लहान. स्ट्रीमिंग कंपन्यांकडूनही फी घ्यावी अशी बिलं राज्याच्या विधानसभेत मांडली गेली आहेत, पण त्यावर अवलंबून बजेट करता येत नाही.

आमचा करार आता संपत आलाय, नवीन जास्तीत जास्त १० वर्षांचा होऊ शकतो, आणि त्याआधी गावाला काय हवं ते विचारायला जाहीर सुनावणी असते. कमिटीने आमची यादी केलीये, एचडी चॅनल द्या, रिमोटवरच्या गाइडमध्ये आमच्या कार्यक्रमांची नावं दाखवा, सध्या तिथे दिवसभर नुसतं "स्थानिक कार्यक्रम" असं दिसतं, आणि नवीन सामानासाठी पैसे. पहिल्या दोन गोष्टींना कंपनी नाही म्हणेल असा सगळ्यांचा अंदाज आहे. तरी बोलायला माणसं जमवायची आहेत, प्रत्येकाला तीन मिनिटं मिळतात. बुद्धिबळवाले आजोबा तयार आहेत, फक्त सुनावणी साडेपाचला ठेवू नका म्हणाले.